उसना श्वास

१

स्टुडिओत त्याला सगळे इस्त्री म्हणायचे. नाव मालकांनी पाडलेलं. एखादा गायक कसंनुसं तोंड करून आला आणि म्हणाला, "आज घसा बसलाय हो," की मालक आतल्या खोलीकडे बोट करायचे. "चुरगळलेलं असेल तसं गा. आमचा इस्त्री बसलाय आत."

आतली खोली चपलांच्या दुकानाखालच्या तळघरात होती. दिवसभर डोक्यावर गिऱ्हाइकं नव्या चपला घालून चालून बघायची. चार पावलं जायची, चार पावलं यायची, आणि मग बराच वेळ काही नाही, म्हणजे भाव चाललाय. या आवाजांची त्याला इतकी सवय झाली होती की रविवारी दुकान बंद असलं की कामात लक्ष लागायचं नाही.

समोरच्या स्क्रीनवर आडव्या रेघा असायच्या आणि त्यांच्यावर गायकाचा आवाज पसरलेला असायचा. तो आवाज त्याला शेंगांसारखा दिसायचा. एक सूर म्हणजे एक शेंग. शेंग रेघेच्या खाली लोंबत असेल तर सूर उतरला, वर गेली असेल तर चढला. माउसने शेंग धरायची आणि रेघेवर आणून ठेवायची, एवढंच काम. नवशिके इथेच फसतात. ते सगळ्या शेंगा काटेकोर रेघेवर बसवतात आणि माणसाचा आवाज लिफ्टमध्ये मजले सांगणाऱ्या बाईसारखा करून ठेवतात.

तो तसं करायचा नाही. सुराची सुरुवात तो सोडून द्यायचा, कारण माणूस सुरापाशी थोडा चाचपडतच येतो. मधला भाग उचलायचा, पण पुरता नाही. दोन सुरांमधली घसरण जशीच्या तशी ठेवायची. आणि प्रत्येक गाण्यात एक तरी सुरकुती राहू द्यायची. नसलीच तर मुद्दाम घालायची. "कपड्याला कळता कामा नये," मालक म्हणायचे. "त्याला वाटलं पाहिजे, आपण जन्मतःच असे गुळगुळीत."

एक नियम मात्र त्याने स्वतःच केला होता. श्वासाला हात लावायचा नाही. श्वासाची शेंग होत नाही. स्क्रीनवर दोन ओळींच्या मध्ये तो नुसत्या धुरासारखा दिसतो. गाणारा तिथे गात नसतो, जगत असतो. तिथे आपलं काय काम, असं त्याला वाटायचं.

हा नियम त्याने एकदाच मोडला, तोही ताईसाठी.

२

ताईनेच त्याला वाढवलेलं. आठवीत त्याने शाळा सोडली तेव्हा घरात ओरडायला दुसरं कुणी नव्हतं, आणि ती ओरडली नाही. या स्टुडिओत तेव्हा ती कोरसमध्ये गायची. एक दिवस त्याला हाताला धरून इथे घेऊन आली आणि मालकांना म्हणाली, "हा बोलत नाही. पण ऐकतो फार. याला ठेवून घ्या."

दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. बोलणं पहिल्यासारखं झालं, गाणं मात्र नाही. वरचा सूर लावायला गेली की आवाज पायरी चुकल्यासारखा खाली यायचा. त्यानंतर घरात तिने गुणगुणणंसुद्धा टाकून दिलं.  ती भांडी घासताना जी शांतता असायची ती त्याला सगळ्यात आधी ऐकू यायची.

मग मुलांच्या एका नाटकाचं काम आलं. आठ गाणी, आवाज एकच. नाटकवाल्या बाईंना नमुना ऐकायचा होता. ताई एका दुपारी आली, उंच लाकडी स्टुलावर बसली आणि आठही गाणी म्हणून मोकळी झाली. हेडफोन काढताना तिने त्याच्याकडे काचेतून पाहिलं आणि आत आली.

"बारक्या, इकडे बघ. हात लावायचा नाही."

"बरं."

"बरं नाही. शपथ घे. जसा आहे तसा ऐकव त्यांना. झालं तर झालं. नाही झालं तर मी गाणं सोडलं, कायमचं. मग तूही विषय काढायचा नाहीस आणि मीही."

त्याने शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी कच्च्या ट्रॅकची एक प्रत बाजूला ठेवली आणि दुसरी उघडून बसला.

एकतीस जागी हात लावला. कुठे केसाएवढा, कुठे दोन केसांएवढा. सातव्या गाण्यात सगळंच जमून आलेलं होतं, म्हणून सवयीप्रमाणे तिथे एक सूर किंचित खाली ओढून सुरकुती घातली. पाचवं गाणं माकडाच्या टोपीचं. त्यात तिसऱ्या ओळीच्या आधी ताईचा श्वास अडकला होता. श्वास कसला, हुंदकाच. ऐकणाऱ्याला लगेच कळलं असतं की ही बाई घाबरली आहे. तो बराच वेळ तिथे थांबला. वर कुणीतरी चार पावलं गेलं आणि चार पावलं आलं.

मग त्याने दुसऱ्या गाण्यातला एक छान, भरलेला श्वास उचलला आणि तिथे आणून ठेवला. त्या श्वासाच्या शेवटी स्टूल करकरल्याचा बारीक आवाज होता. कुर्र, टक्. वाद्यं वाजायला लागली की बुडून जाईल, असा त्याने विचार केला आणि फाइल पाठवून दिली.

३

बाईंना आवाज आवडला. फोनवर त्या म्हणाल्या, "रोज सकाळी दहाला आमची तालीम सुरू होते, तेव्हा मी मुलांना हेच लावते. पोरं नाचायला लागतात."

ताईने घरी एकदाच ऐकलं, फोन कानाशी धरून, खिडकीकडे तोंड करून.

"माझाच आहे ना हा?"

"तुझाच."

"हात नाही ना लावलास?"

"नाही."

ती वळली. त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मग हसली. दोन वर्षांत ती अशी हसली नव्हती. खोटं बोलल्याचं त्याला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर फारसं नाही.

दोन दिवसांनी त्याला सुट्टी होती. सकाळी तो अंथरुणात पडून होता आणि स्वयंपाकघरातून माकडाच्या टोपीचं गाणं ऐकू आलं. वरचा सूर सरळ लागला होता, भिंतीला खिळा ठोकावा तसा. त्याने डोळे मिटून घेतले. इतकं बरं त्याला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

दुसरी ओळ संपली. ताईने श्वास घेतला.

कुर्र, टक्.

तो उठून बसला. तसाच दारापर्यंत गेला. ताई ओट्याशी उभी होती, चाकूने भाजी चिरत, पुढची ओळ म्हणत. तिच्या आसपास स्टूल नव्हतं. खरं तर त्या घरात स्टूलच नव्हतं.

भिंतीवर घड्याळ होतं. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. ते त्याने पाहिलं, पण तेव्हा त्याचा विचार केला नाही.

४

माणूस आधी साधंच कारण शोधतो. त्याला वाटलं, फोन चालू राहिलाय. फोन कपाटावर बंद करून ठेवलेला होता. मग वाटलं, शेजाऱ्यांचं दार असेल. दुपारी तो शेजाऱ्यांकडे उगाचच गेला आणि त्यांचं दार दोनदा उघडून लावून आला. दार वेगळंच कुरकुरायचं.

मग मनात शंकेची पाल चुकचुकली. ताईला कळलंय. मालकांनी सांगितलं असणार. आणि आता ती जिभेने तो आवाज काढून त्याला चिडवतेय, कबूल करायला लावतेय. लहानपणी त्याने चोरून साखर खाल्ली की ती काही बोलायची नाही, नुसती बोट चाटून दाखवायची.

दुसऱ्या दिवशी त्याने मालकांना गाठलं.

"तुम्ही ताईला काही सांगितलंत?"

"काय सांगू? तू बोलायला लागलास, हीच बातमी आहे. ती सांगू का?"

"त्या गाण्यांना मी हात लावला, ते."

मालकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तू हात लावलास? कुठे? मी तर दोनदा ऐकलं. इस्त्री, मला तुझा राग यायला पाहिजे, पण अभिमान वाटतोय बघ."

म्हणजे मालकांना माहीतच नव्हतं. किंवा माहीत नसल्याचं नाटक तरी पक्कं होतं. त्याला ठरवता येईना. त्या आठवड्यात त्याला कुणाचंच काही ठरवता येत नव्हतं.

शेवटी त्याने आपल्याला येतं तेच केलं. शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला ताई गायला लागली तेव्हा दाराआड फोन धरून तिचं पहिल्यापासून आठव्यापर्यंतचं सगळं गाणं टिपलं. कामावर नेलं, स्क्रीनवर उघडलं आणि पाठवलेल्या फाइलच्या वरच्या रांगेत ठेवलं.

कुठलाही माणूस एक गाणं दोनदा सारखं गात नाही. ठरवलं तरी त्याला ते जमत नाही. एक शेंग लांबते, एक आखूड होते, कंप कमीजास्त होतो. इथे वरच्या शेंगा खालच्या शेंगांवर तंतोतंत बसल्या. त्याने स्क्रीन मोठी केली, अजून मोठी केली. काठाला काठ लागलेला. सातव्या गाण्यात त्याने स्वतःच्या हाताने जो सूर किंचित खाली ओढला होता, तोही तेवढाच खाली होता.

तो सूर ताईने मुळात नीट लावला होता. तो बिघडवला होता त्याने. आणि हे त्याच्याशिवाय जगात कुणालाही माहीत नव्हतं.

वर कुणीतरी चार पावलं चाललं. परत आलंच नाही. तो कितीतरी वेळ वाट बघत बसला.

५

"बारक्या, एक विचारू?"

दोघं जेवायला बसले होते. ताईने घास तसाच हातात धरला होता.

"मी हल्ली गाते ना, ते मी गात नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे गाणं येतं. आधी इथे गार पडतं," तिने गळ्याला बोट लावलं, "आणि मग ते आपलं आपण चालायला लागतं. मी मधे थांबायला बघते, तर थांबता येत नाही. शिंक कशी थांबवता येत नाही, तसं. काल जिन्यात आलं. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, वा, काय गोड गळा! आणि मी त्यांच्याकडे नुसती बघतेय."

"आनंदाने होत असेल. दोन वर्षांनी गातेयस."

"हो, तेच असेल." तिने घास परत ताटात ठेवला. "तू हात लावला नाहीस ना?"

"किती वेळा विचारशील?"

"तू खरं सांगेपर्यंत."

हे ती हसत म्हणाली. तोही हसला. पण मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, आणि तिने ताटं उचलली तेव्हा ती जरा जोरातच एकमेकांवर आपटली.

त्या दिवशी सांगून टाकलं असतं तर, असं त्याला पुढे खूपदा वाटलं.

६

बुधवारी तो कामावर पोचला तेव्हा मालक त्याच्या खुर्चीत बसलेले होते.

"ये. तुझं काम हलकं केलं. बाईंचा फोन होता. शेवटच्या गाण्यात श्वास फार ऐकू येतात म्हणे, वाफ सोडल्यासारखे. म्हटलं, इस्त्रीला कशाला त्रास? सगळे श्वास निवडले, एक बटण दाबलं, खल्लास. आठही गाण्यांतले काढले. आता हेच पक्कं."

"सगळे काढलेत?"

"सगळे. चकाचक. बाई ऐकतायत आत्ता. परत परत लावतायत, खूश आहेत एकदम. अरे, निघालास कुठे? इस्त्री!"

घर पंधरा मिनिटांच्या वाटेवर होतं. तो पळत गेला. पळताना स्वतःला समजावत होता, की तिकडे बाई गाणं लावतात म्हणून इकडे ताई गाते, असं कधी होतं का, तू मूर्ख आहेस, तुला लोक हसतील, शाळा सोडलेल्या माणसाला असले विचार येतात. तीन मजले चढला. दार नुसतं लोटलेलं होतं.

खोलीत ऊन आलं होतं. पलंगावर धुतलेले कपडे पडले होते आणि ताई त्यांच्या घड्या घालत होती. शेवटचं गाणं म्हणत होती, नावेचं. 'नाव निघाली, नाव निघाली, पल्याडच्या काठाला.' आठ ओळींचं गाणं, मिनिटभराचं.

त्याने ऐकलं. पहिली ओळ संपली आणि दुसरी सुरू झाली. दुसरी संपली, तिसरी सुरू झाली. दोन ओळींच्या मध्ये पूर्वीइतकीच जागा होती, पण त्या जागेत काहीच नव्हतं. खांदे वर होत नव्हते. छाती हलत नव्हती. आवाज मात्र तसाच, गोड, सरळ, एक पैही न उतरता.

"ताई, थांब."

तिने मान वळवली. चौथी ओळ चालूच होती. तिच्या हातात त्याचाच शर्ट होता आणि तो ती इतका घट्ट पिळत होती की बटण तुटून जमिनीवर पडलं आणि घरंगळत गेलं. ओठ निळसर झाले होते. तेच ओठ नावेबद्दल, काठाबद्दल, पाण्यातल्या चांदण्यांबद्दल नीट, स्पष्ट उच्चार करत होते. चेहरा हसरा होता, कारण रेकॉर्डिंगच्या वेळी ती ओळ तिने हसून म्हटली होती. डोळे फक्त तिचे होते. ते त्याच्याकडे बघत होते.

त्याने तिच्या तोंडावर हात ठेवला. तळव्याला ओठांची हालचाल लागली. हवा लागली नाही. आवाज हाताआडून तसाच्या तसा येत राहिला, जरासुद्धा दबला नाही.

आठवी ओळ संपली. मग ती खाली बसली आणि विहिरीतून वर आलेल्या माणसासारखा तिने श्वास ओढला.

"जागाच नाही रे," ती म्हणाली. शब्द तुटत होते. "मध्ये जागाच नाही. श्वास घ्यायला कुणी जागाच ठेवली नाही. सकाळपासून तिसऱ्यांदा झालं हे."

तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"ताई, मी हात लावला होता."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच. माझा श्वास तिथे अडकला होता. तो मला आठवत नसेल होय?" तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात थंडगार होता. "पण इतकं छान वाटलं ना बारक्या, की मी पण गप्प बसले." मग तिचा हात गळ्याकडे गेला आणि तिचे डोळे मोठे झाले. "परत गार पडतंय. जा. जे केलंस ते काढ. लवकर जा."

७

मालक जेवायला गेले होते. त्याने आधी स्टुडिओच्या वहीतून बाईंचा नंबर काढला आणि त्यांना फोन लावला.

"ते गाणं लावू नका. फाइलमध्ये चूक आहे. पाच मिनिटांत दुसरी देतो."

"चूक? मला तर काहीच जाणवली नाही. फार गोड झालंय."

"बाई, पाया पडतो. लावू नका."

आयुष्यात तो पहिल्यांदाच इतक्या जोरात बोलला होता. फोन ठेवला आणि बाजूला ठेवलेला कच्चा ट्रॅक उघडला. तो कधी कुणी उघडत नाही. त्याच्यावर कधी कुणी काम करत नाही.

कच्च्या ट्रॅकमध्ये शेंगा रेघांवर होत्या.

एकतीसच्या एकतीस. सातव्या गाण्यातला सूर किंचित खाली. पाचव्या गाण्यात हुंदका नव्हता. श्वासांच्या जागी धूर नव्हता, नुसती सपाट काळी पट्टी होती. त्याने तारीख पाहिली. ताई गायली त्या दुपारची होती. त्याने दुसऱ्या डिस्कवरची प्रत उघडली, मग तिसरी, मग शनिवारी फोनवर टिपलेलं गाणं. सगळीकडे तेच. जणू ताई त्या दिवशी अशीच गायली होती, जन्मतःच अशी.

जुनं काही टाकावं म्हटलं तर जुनं उरलंच नव्हतं. ताईचा एकही श्वास त्या इमारतीत शिल्लक नव्हता.

मग त्याला दुसरं काही सुचलं नाही. त्याने माईक सुरू केला, काचेच्या पलीकडे गेला आणि उंच स्टुलावर बसला. आठ ओळी, म्हणजे मधले श्वास सात. हेडफोनमध्ये गाणं चालू केलं. ताईची एक ओळ संपली की तो श्वास घ्यायचा. लहानपणी जिन्यावरून पडून त्याचं नाक मोडलं होतं. श्वास घेताना आत बारीक शिट्टी वाजायची. तीही रेकॉर्ड झाली. साफ करायला वेळ नव्हता, आणि आता साफ करायची इच्छाही नव्हती.

तो टेबलापाशी आला. सातही श्वास निवडले, कापले आणि गाण्यात एकेका जागी नेऊन ठेवले. कापले, प्रत काढली नाही. हाताची सवय तशी होती. त्याच्या स्वतःच्या ट्रॅकवर सात सपाट काळ्या पट्ट्या राहिल्या. त्याने त्या पाहिल्या, क्षणभर, आणि फाइल पाठवली. मग घरी फोन लावला आणि इकडे गाणं सुरू केलं.

ताईने फोन उचलला. पलीकडून नावेचं गाणं आलं. पहिली ओळ संपली.

श्वास. त्याच्या शेवटी बारीक शिट्टी.

दुसरी ओळ संपली. श्वास, शिट्टी. ती घेत होती. हवा तिच्या छातीत जात होती. त्याला रडू आलं, आणि रडताना माणूस जसा श्वास ओढतो तसा ओढायला त्याने तोंड उघडलं.

काही आत आलं नाही.

त्याने टेबलाची कड धरली. छाती जागची हलेना. समोर स्क्रीनवर काळी रेघ एकेका शेंगेवरून सावकाश पुढे सरकत होती आणि त्याच्या कानांत रक्त वाजत होतं. तिसरा श्वास. चौथा. डोक्यावर कुणीतरी नव्या चपला घालून चार पावलं गेलं, चार पावलं आलं. सातवा. आठवी ओळ संपली.

मग हवा आली.

"बारक्या?" फोनवर ताई विचारत होती. "बारक्या, जमलं! अरे, घेता आला मला. ऐकतोयस ना? बोल की."

"जमलं," तो म्हणाला.

८

नाटक चाललं. गाणी मुलांच्या तोंडून घरोघरी गेली. बाकीची सात गाणी त्याच्या विनवणीवरून बाईंनी मुलांनाच म्हणायला दिली, नावेचं मात्र ताईच्याच आवाजात ठेवलं. मालकांनी नाटकाचं पोस्टर चौकटीत घालून भिंतीवर लावलं. ताईला आणखी दोन कामं मिळाली. ती तिने एकाच अटीवर घेतली, की आवाजाला कुणी बोट लावायचं नाही. त्या कामांत तिचा वरचा सूर घसरतो, पायरी चुकल्यासारखा. लोकांना तो चालतो. काहींना तोच आवडतो.

त्याने इस्त्रीचं काम सोडलं. आता तो फक्त माईक लावतो आणि तारा गुंडाळतो.

ताईला त्याने काही सांगितलं नाही. पण नावेचं गाणं म्हणताना तिच्या नाकात शिट्टी वाजते, आणि ती शिट्टी तिने वीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेली आहे. पहिल्या आठवड्यातच एकदा गाता गाता तिने त्याच्याकडे पाहिलं होतं. तो दाराला धरून उभा होता.  दुसऱ्या दिवशी तिने घरात एक हातांची खुर्ची आणली.

आता गळ्याशी गार पडायला लागलं की ती हातातलं काम टाकते आणि म्हणते, "बारक्या, बस."

तो बसतो. ती समोर बसते, त्याचा हात हातात घेते आणि गाते. तो घड्याळाकडे बघतो. ती त्याच्याकडे बघते. मिनिटभराचं गाणं आहे, होऊन जातं.

परवा संध्याकाळी असंच गाणं संपलं, त्याला हवा मिळाली आणि फोन वाजला. नाटकवाल्या बाई होत्या. मागे पोरांचा गोंधळ चालला होता.

"अहो, ताईंना सांगा," त्या ओरडून म्हणाल्या, "दोनशे मुलं आहेत आज समोर. नावेचं गाणं संपलं तरी उठायला तयार नाहीत. ऐका, काय म्हणतायत ते!"

त्यांनी फोन मुलांकडे धरला असावा. दोनशे मुलं एका सुरात ओरडत होती, पुन्हा, पुन्हा, पुन्हा.

ताईचा हात गळ्याकडे गेला.

"बारक्या," ती म्हणाली, "उठू नकोस."